पंधरा दिवसांची उमेदवारी

'उमेदवारी' हा शब्द आता बहुतेक निवडणुकीच्या बातम्यांतच वाचायला मिळतो. पूर्वी त्याचा आणखी एक अर्थ घरोघर माहीत होता. छापखान्यात, सराफाच्या पेढीवर, वकिलाच्या कचेरीत किंवा वैद्यांकडे एखादा मुलगा कामाला लागला की तो पहिली काही वर्षे 'उमेदवारी करत' असे. पगार नाही किंवा नावापुरता. जाणत्या माणसाच्या हाताखाली राहायचे, पाहायचे, सांगेल ते करायचे आणि करता करता शिकायचे, अशी ती पद्धत होती.

विज्ञानाच्या इतिहासातली सर्वांत प्रसिद्ध उमेदवारी मायकेल फॅरडेची. १८०५ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, तो लंडनमधल्या जॉर्ज रीबो नावाच्या पुस्तक बांधणाऱ्याकडे सात वर्षांच्या कराराने लागला. बांधणीसाठी आलेली पुस्तके तो वाचू लागला. ज्ञानकोशातला विजेवरचा लेख आणि जेन मार्सेट यांचे रसायनशास्त्रावरचे पुस्तक त्याने असेच वाचले. वाचलेले खरे की खोटे हे स्वस्तात जमवलेल्या साहित्यावर करून पाहिले. मालकाने त्याला यात आडकाठी केली नाही. १८१२ मध्ये त्याने हम्फ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकली, त्यांची टिपणे स्वतःच्या हाताने बांधून डेव्हींना पाठवली आणि १८१३ मध्ये तो रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये साहाय्यक म्हणून रुजू झाला.

ही गोष्ट आपण वर्गात पुष्कळदा सांगतो. तिच्यातला एक भाग मात्र बाजूला राहतो. लंडनमध्ये त्या काळी पुस्तके बांधणारी मुले पुष्कळ असतील, ती सगळी काही शास्त्रज्ञ झाली नाहीत. फॅरडेला कामाच्या जागी प्रश्न विचारायला, वाचायला आणि करून पाहायला मोकळीक होती. हातांना मिळालेले वळण आणि डोक्याला मिळालेली मोकळीक, दोन्ही एकत्र आली.

शाळेतल्या मुलांना काही दिवस खऱ्या कामाच्या ठिकाणी पाठवण्याची कल्पना आज पुन्हा चर्चेत आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी १० दिवसांचा 'दप्तराविना' काळ सुचवला आहे. त्या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांजवळ उमेदवारी करावी, आणि पुढे बारावीपर्यंत सुट्ट्यांतही अशी संधी मिळावी, अशी अपेक्षा आहे. अशा वेळी या उमेदवारीत नेमके काय शिकले जाते आणि कोणत्या अटींवर शिकले जाते, हे शिक्षकांनी नीट समजून घेणे आवश्यक आहे. अटी पाळल्या नाहीत तर ते दहा-पंधरा दिवस वाया जातात, आणि कधी कधी त्याहून वाईटही घडते.

भेट, उमेदवारी आणि प्रशिक्षण

तीन वेगळ्या गोष्टींची इथे गल्लत होते. साखर कारखाना किंवा आकाशवाणी केंद्र पाहायला वर्ग नेणे ही भेट. ती दोन-चार तासांत संपते आणि मुले प्रेक्षक असतात. दुसऱ्या टोकाला व्यवसाय प्रशिक्षण असते. त्यात एकच धंदा दोन-तीन वर्षे शिकून शेवटी त्यात नोकरी करायची असते. आपला १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा या दुसऱ्या प्रकारासाठी आहे.

शालेय उमेदवारी या दोहोंच्या मधली. मुलगा किंवा मुलगी आठवडा ते तीन आठवडे एका ठिकाणी रोज जाते, तिथल्या माणसांबरोबर राहते आणि झेपेल ते खरे काम करते. तो धंदा पुढे करायचाच असे बंधन नसते. शिक्षणाचाच तो एक भाग असतो, म्हणून त्याची जबाबदारीही शाळेचीच राहते.

उत्तराची वाट पाहणारे कोणीतरी

शाळेच्या प्रयोगशाळेत आपण मुलांना लोलकाचा आवर्तकाल मोजायला लावतो. उत्तर किती यायला हवे हे शिक्षकांना माहीत असते, मुलांनाही माहीत असते आणि वहीत ते उत्तर आणून ठेवण्याची कला मुलांना लवकरच साधते. त्या आकड्यावर कोणाचेही काही अवलंबून नसते. चुकले तर एक गुण जातो.

कामाच्या ठिकाणी परिस्थिती उलट असते. तिथे उत्तर आधी कोणालाच माहीत नसते आणि कोणीतरी त्या उत्तराची वाट पाहत उभे असते. मोजणीतला दोष लगेच कोणाच्या तरी पदरात पडतो. अचूकपणा, पडताळणी, उपकरणाची तपासणी हे शब्द पाठ्यपुस्तकात कोरडे वाटतात, पण इथे ते का निर्माण झाले हे समजते.

दुसरी गोष्ट अव्यक्त ज्ञानाची. मायकेल पोलान्यी हे मूळचे भौतिक रसायनशास्त्रज्ञ. पुढे त्यांनी ज्ञानाच्या स्वरूपाचा अभ्यास केला आणि १९६६ मध्ये त्यावर एक छोटे पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे असे की माणसाला जेवढे येते तेवढे सगळे त्याला शब्दांत सांगता येत नाही. भाकरी थापणारीला पीठ किती घट्ट हवे ते बोटांना कळते. लेथवरचा कारागीर हत्यार बोथट झाल्याचे आवाजावरून ओळखतो. असे ज्ञान पुस्तकात उतरत नाही. ते जवळ बसून, पाहून आणि करूनच मिळते.

संशोधनाचे क्षेत्रही याला अपवाद नाही. पीएच.डी. म्हणजे चार-पाच वर्षांची उमेदवारीच असते. उपकरणातला कोणता आवाज दुर्लक्षित करायचा आणि कोणत्या आवाजाने दचकायचे, कोणत्या निष्कर्षावर लगेच विश्वास ठेवायचा नाही, हे प्रयोगशाळेतल्या जुन्या माणसांच्या सहवासात समजते. शोधनिबंधात त्यातले फारसे काही लिहिलेले नसते.

एक उदाहरण : दूध संकलन केंद्र

हे सारे एका उदाहरणावरून पाहू. महाराष्ट्रातल्या असंख्य गावांत सकाळ-संध्याकाळ दूध संकलन केंद्र चालते. नववीची एखादी मुलगी तिथे पंधरा दिवस रोज सकाळी दोन तास बसली, तर तिला काय मिळेल?

पहिल्या दिवशी दिसते ती रांग. प्रत्येक शेतकऱ्याच्या दुधाचे माप होते, नमुना काढला जातो, यंत्रावर फॅट आणि एसएनएफ, म्हणजे स्निग्धांश आणि स्निग्धेतर घनपदार्थ, यांचे आकडे येतात. त्यावरून दर ठरतो. आपल्याकडे गायीच्या दुधाचा दर साधारणपणे ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हा पाया धरून सांगितला जातो. आकडा त्याखाली गेला की दर उतरतो. म्हणजे दशांश चिन्हानंतरचा एक आकडा इकडचा तिकडे झाला तर एका कुटुंबाच्या पंधरवड्याच्या हिशेबात फरक पडतो. सार्थ अंकांचा धडा याहून चांगला कुठे मिळणार?

आता जुन्या लॅक्टोमीटरकडे वळू. हे घनता मोजण्याचे साधे तरंगते उपकरण. त्यावर ३० वाचले तर दुधाची घनता १.०३० समजायची. चांगल्या दुधात १० टक्के पाणी मिसळले तर काय होईल? ०.९ गुणिले १.०३० अधिक ०.१ गुणिले १, म्हणजे सुमारे १.०२७. वाचन ३० वरून २७ वर येते. पाणी पकडले गेले!

पण थांबा. दुधातली चरबी पाण्यापेक्षा हलकी असते, तिची घनता सुमारे ०.९३. ती काढून घेतली तर उरलेले दूध जड होते, त्याची घनता १.०३५ ते १.०३६ पर्यंत जाते. अशा साय काढलेल्या ८५० मिलिलिटर दुधात १५० मिलिलिटर पाणी घाला आणि हिशेब करा. घनता पुन्हा १.०३० च्या जवळ येते. म्हणजे दोन लबाड्या एकमेकींना झाकतात आणि लॅक्टोमीटर निमूटपणे ३० दाखवतो. एकाच मोजमापावर विसंबू नये, दुसऱ्या स्वतंत्र गुणधर्माची मोजणी हवी, हे तत्त्व मुलीला इथे आपोआप सापडते. म्हणूनच फॅट वेगळे मोजावे लागते.

आणखी खोलात जाता येते. नुकत्याच काढलेल्या दुधाचे वाचन कमी का येते? त्यात हवेचे बारीक बुडबुडे असतात आणि ते कोमट असते. म्हणून थोडे थांबायचे आणि तापमानाची दुरुस्ती करायची. नमुना घेण्यापूर्वी दूध ढवळायचे का? साय वर येते म्हणून. न ढवळता वरचा नमुना घेतला तर शेतकऱ्याचा फायदा आणि तळचा घेतला तर तोटा. नमुना प्रातिनिधिक असणे म्हणजे काय, हे संख्याशास्त्राच्या पुस्तकाआधी इथे समजते.

शेवटी सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. यंत्रावर जो आकडा येतो तो बरोबर कशावरून? आता बऱ्याच केंद्रांत काही सेकंदांत आकडा देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रे असतात. पण ती वेळोवेळी जुळवून घ्यावी लागतात. त्यासाठी आजही आधार घेतला जातो तो गर्बर पद्धतीचा. निकोलाउस गर्बर या स्विस रसायनतज्ज्ञाने ती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शोधली. दुधात तीव्र सल्फ्युरिक आम्ल घातले की प्रथिने विरघळतात आणि चरबीचे कण मोकळे होतात. थोडे अमाईल अल्कोहोल घालून नळी केंद्रापसारक यंत्रात फिरवली की चरबी हलकी असल्याने नळीच्या निमुळत्या मानेत जमते आणि तिथल्या खुणांवर वाचता येते. आम्ल, उत्प्लावन आणि केंद्रापसारण हे तीन धडे एका नळीत.

ही चाचणी मुलीने स्वतः करायची नाही, फक्त सुरक्षित अंतरावरून पाहायची. तीव्र आम्ल हे शाळकरी मुलांच्या हातात द्यायचे काम नव्हे. काय करू द्यायचे आणि काय फक्त पाहू द्यायचे, ही रेघ उमेदवारी सुरू होण्यापूर्वी शिक्षकांनी आणि केंद्रचालकांनी मिळून आखलेली असली पाहिजे.

इतर देशांत

जर्मनीत शालेय उमेदवारी सर्रास आहे. शिक्षण हा तिथे प्रत्येक राज्याचा विषय असल्याने तपशील बदलतात, पण साधारणपणे आठवी ते दहावीच्या दरम्यान मुले दोन-तीन आठवडे एखाद्या दुकानात, कार्यशाळेत, रुग्णालयात किंवा कार्यालयात जातात. जागा बहुधा मुलांनीच शोधायची असते. अर्ज लिहिणे आणि नकार पचवणे हाही शिक्षणाचाच भाग. मजुरी सहसा मिळत नाही. अपघात विम्याचे संरक्षण असते. सक्तीच्या शिक्षणाच्या वयातल्या मुलांना दिवसाला ७ आणि आठवड्याला ३५ तासांपेक्षा जास्त वेळ ठेवता येत नाही. मधे शिक्षक भेट देऊन जातात आणि परत आल्यावर मुलांना अहवाल लिहावा लागतो.

यापुढची पायरी म्हणजे तिथली दुहेरी पद्धत. शाळा संपवलेला तरुण कंपनीशी करार करतो, आठवड्यातले एक-दोन दिवस व्यवसाय शाळेत आणि उरलेले दिवस कामावर घालवतो, आणि त्याला विद्यावेतन मिळते. स्वित्झर्लंडमध्ये तर सुमारे दोन तृतीयांश तरुण अशा व्यवसाय शिक्षणाच्या वाटेने जातात. तिथे १९९४ पासून या वाटेने गेलेल्यांसाठी उच्च शिक्षणाचे दारही एका वेगळ्या परीक्षेने उघडले आहे. वाट बदलण्याची सोय असल्यामुळे ती वाट कमी प्रतीची मानली जात नाही.

इंग्लंडचा अनुभव वेगळा आणि बोधप्रद आहे. १९७३ च्या कायद्याने शाळेच्या शेवटच्या वर्षातल्या मुलांना कामाच्या अनुभवासाठी पाठवणे शक्य झाले आणि पुढे दोन आठवड्यांचा अनुभव ही जवळजवळ सर्व शाळांची प्रथा बनली. २०११ मध्ये अ‍ॅलिसन वुल्फ यांच्या अहवालाने असे मत मांडले की आता बहुतेक मुले सोळाव्या वर्षानंतरही शिकतात, तेव्हा खरा उपयोग त्या पुढच्या वयात आहे. २०१२ मध्ये चौदा ते सोळा वयाच्या मुलांना कामाशी निगडित शिक्षण देण्याचे शाळांवरचे बंधन काढले गेले. २०२० पासून सुरू झालेल्या 'टी लेव्हल' अभ्यासक्रमात मात्र किमान ३१५ तासांची, म्हणजे सुमारे ४५ दिवसांची उमेदवारी आवश्यक केली आहे. यातून एवढे दिसते की केवळ 'दोन आठवडे कुठेतरी गेला' यावर तिथे कोणी समाधानी राहिले नाही. काम आणि अभ्यास यांचा सांधा जुळवण्याकडेच पुढचा प्रयत्न वळला.

आपल्याकडची परंपरा

आपल्याकडे ही कल्पना परदेशातून आलेली नाही. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षणात शेतीच्या आणि आरोग्याच्या व्यवहारोपयोगी ज्ञानाचा आग्रह धरला होता. १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी उत्पादक हस्तव्यवसायातून शिक्षण देण्याची योजना मांडली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने तिचा अभ्यासक्रम तयार केला. तीच नई तालीम. १९६४ ते १९६६ च्या कोठारी आयोगाने 'कार्यानुभव' सर्व शिक्षणाचा घटक असावा असे म्हटले. त्यात शाळेबरोबरच घर, शेत, कार्यशाळा आणि कारखाना इथले उत्पादक कामही त्यांना अभिप्रेत होते. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने 'समाजोपयोगी उत्पादक कार्य' हे नाव पुढे आणले.

प्रत्यक्षात कार्यानुभव म्हणजे वेळापत्रकातला एक तास झाला. त्यात मेणबत्त्या, खडू, कागदी फुले आणि तोरणे तयार झाली, प्रदर्शनात मांडली गेली आणि कपाटात गेली. या वस्तू करण्यात कौशल्य नव्हते असे नाही. पण त्यांना गिऱ्हाईक नव्हते. मेणबत्ती लवकर विझली तर अंधारात बसणारे कोणी नव्हते. त्यामुळे ती का विझली हा प्रश्नही कोणी विचारला नाही.

याच मुद्द्यावर वेगळी वाट दाखवली ती पुणे जिल्ह्यातल्या पाबळने. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अन्नतंत्रज्ञानातले संशोधक. मोठ्या कंपनीच्या संशोधन केंद्रातली नोकरी सोडून १९८३ मध्ये त्यांनी शिरूर तालुक्यातल्या या कोरडवाहू गावात विज्ञान आश्रम सुरू केला. त्यांच्या विचारातून आठवी ते दहावीसाठी जो अभ्यासक्रम उभा राहिला तो शिक्षकांना 'आयबीटी' या नावाने परिचित आहे. आठवड्यातला एक दिवस कामाचा. एकच धंदा न शिकता अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य या चार क्षेत्रांत आळीपाळीने काम. शिकवणारे बरेचदा गावातलेच कुशल कारागीर.

या योजनेचा गाभा असा की मुलांनी केलेले काम गावाला हवे असलेले असावे आणि गावाने त्याचे मोल द्यावे. मातीचे परीक्षण, रक्तातले हिमोग्लोबिन पाहणे, लोखंडी फाटक जोडून देणे, विजेची जोडणी दुरुस्त करणे. कामाआधी आराखडा काढायचा आणि खर्चाचा अंदाज करायचा. फाटक बसले नाही तर गिऱ्हाईक परत येते, आणि मग कोन मोजताना कुठे चुकले हे शोधावेच लागते. इथे मुलाला दूर कारखान्यात पाठवण्याऐवजी शाळाच गावाची कार्यशाळा बनते. ज्या गावात मोठा उद्योग नाही तिथल्या शिक्षकांनी हा पर्याय जरूर विचारात घ्यावा. डॉ. कलबाग २००३ मध्ये गेले, पण त्यांनी घालून दिलेली कामाची ही रीत अनेक शाळांत पोचली आहे.

कुठे बिघडते

पहिला धोका फुकटच्या मजुराचा. पंधरा दिवस चहा आणणे, फरशी पुसणे आणि झेरॉक्स काढणे एवढेच पदरी पडले तर ती उमेदवारी नव्हे. झाडलोट कमीपणाची म्हणून हे म्हणत नाही. कामाची जागा स्वच्छ ठेवणे प्रत्येकाने शिकावे. पण दुसऱ्या दिवसापासून त्यातून शिकण्यासारखे काही उरत नसेल आणि मालकाचा पगारी नोकर मात्र वाचत असेल, तर शाळेने मूल परत बोलवावे.

दुसरा धोका जिवाचा. बालकामगारविषयक कायद्यात २०१६ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवता येत नाही. कौटुंबिक व्यवसायात शाळेच्या वेळेबाहेर केलेली मदत यांसारखे मोजके अपवाद सोडले तर ही बंदी सरसकट आहे. चौदा ते अठरा वयाच्या मुलांना खाणी, ज्वालाग्राही व स्फोटक पदार्थ आणि धोकादायक प्रक्रिया यांत घेता येत नाही. शाळेने याहूनही सावध राहावे. फिरती उघडी यंत्रे, तीव्र रसायने, उंचावरचे काम, चालू विजेच्या तारा आणि दवाखान्यातल्या वापरलेल्या सुया यांपासून मुलांना दूर ठेवावे. पालकांची लेखी संमती आणि विमा यांशिवाय कोणालाही पाठवू नये.

तिसरा धोका दिसत नाही, पण सर्वांत खोलवरचा आहे. 'अभ्यासात कच्ची' मुले कामाला पाठवायची आणि हुशार मुलांना क्लासला, अशी वाटणी सहज होते. आपल्या समाजात हाताचे काम आणि जात यांची सांगड शतकानुशतके घातलेली आहे. चांभाराच्या मुलाला चपला शिवायला, कुंभाराच्या मुलाला चाकावर, मुलींना शिवणाला आणि मुलग्यांना मोटारीकडे पाठवले, तर आपण जुनीच वाटणी शाळेचा शिक्का मारून पक्की करतो. म्हणून नियम सोपा असावा. सगळ्यांनी जायचे, पहिल्या क्रमांकाच्या मुलानेही. आपल्या घरच्या धंद्यापेक्षा वेगळ्या ठिकाणी जायचे. मुलींनी वर्कशॉपमध्ये आणि मुलग्यांनी पाळणाघरात किंवा स्वयंपाकघरातही जायचे.

शिक्षकांनी काय करावे

सुरुवात लहान करावी. दिवाळीच्या सुटीत किंवा वार्षिक परीक्षेनंतर नववीच्या मुलांसाठी दहा-पंधरा दिवस आणि गावातली पाच-सहा ठिकाणे पुरेत. ठिकाण निवडताना तीन प्रश्न विचारावेत. इथे काही मोजले जाते का? मोजलेल्यावर कोणाचा तरी निर्णय अवलंबून आहे का? 'का' असे विचारले तर उत्तर देणारा माणूस इथे आहे का?

अशी ठिकाणे आपल्या आजूबाजूला भरपूर असतात. ग्रामपंचायतीच्या विहिरीत किंवा टाकीत टीसीएल पावडर टाकणारा कर्मचारी घ्या. टाकीत किती पाणी आहे हे काढायला घनफळ लागते. पावडर किती हे ठरवायला तिच्यातल्या क्लोरीनचे प्रमाण लागते, आणि डबा उघडा राहिला तर ते कमी होते. नळाच्या पाण्यात क्लोरीन उरले आहे की नाही हे ओटी चाचणीच्या पिवळ्या रंगावरून पाहतात. टाकीजवळच्या घरी रंग आला आणि वस्तीच्या शेवटच्या घरी आला नाही, तर मुलाने काय समजायचे? वाटेत क्लोरीन खर्च झाले, म्हणजे कुठेतरी घाण आत येत असण्याची शक्यता आहे. मुलाने गावाच्या नकाशावर पंधरा दिवस हे निकाल मांडले तर ग्रामसेवकालाही ते उपयोगी पडतील.

मोटार रिवाइंडिंगचे दुकान घ्या. जळालेल्या मोटारीतून काढलेल्या तारेची जाडी मायक्रोमीटरने मोजतात, वेढे मोजतात आणि तेवढेच पुन्हा भरतात. तार किंचित बारीक वापरली तर काय होईल? रोध वाढेल, उष्णता वाढेल आणि मोटार पुन्हा जळेल. दहावीतला विजेच्या उष्णता परिणामाचा धडा त्या दुकानात रोज घडत असतो. ज्या शेतकऱ्याचे पीक पाण्याविना उभे आहे तो बाहेर बाकावर बसलेला असतो.

जाण्यापूर्वी प्रत्येक मुलाने आपल्या ठिकाणाबद्दल किमान पाच प्रश्न लिहून न्यावेत. रोज संध्याकाळी वहीत तीन गोष्टी लिहाव्यात : आज काय केले, काय मोजले आणि काय समजले नाही. यातली तिसरी सर्वांत मोलाची. शिक्षकांनी पंधरवड्यात निदान दोनदा तिथे जावे आणि कारागिरांशी बोलावे. त्यांना 'काका', 'मावशी' म्हणून नुसते न सोडता ज्ञान देणारे सहकारी म्हणून वागवावे. शेवटच्या दिवशी त्यांना शाळेत बोलावून मुलांसमोर चार शब्द बोलायला सांगावे. ज्यांनी पूर्वी शाळेचा उंबरठा कधी गुरू म्हणून ओलांडला नाही, त्यांचा हा मान आहे, आणि मुलांच्या मनातली कामाची प्रतवारी बदलायलाही त्याची मदत होते.

परत आल्यावरचा आठवडा विसरू नये. बहुतेक योजना इथेच तुटतात. मुले अनुभव घेऊन येतात, सोमवारी पुढचा धडा सुरू होतो आणि वह्या गठ्ठ्यात जातात. त्याऐवजी 'काय समजले नाही' या रकान्यातले प्रश्न फळ्यावर लिहावेत. त्यातले काही भौतिकशास्त्राचे निघतील, काही रसायनाचे, काही गणिताचे. काही मात्र 'दर कोण ठरवतो' किंवा 'त्या मावशींना मजुरी कमी का' असेही असतील. तेही टाळू नयेत. एखाद्या प्रश्नाचे उत्तर शिक्षकांनाही येणार नाही. तेव्हा ते मुलांबरोबर शोधावे आणि दुकानातल्या त्या कारागिरालाही पुन्हा विचारून यावे.

पंधरा दिवसांत कोणी मेकॅनिक होत नाही आणि तशी अपेक्षाही नाही. आपण मोजलेल्या आकड्याची कोणीतरी वाट पाहत होते, एवढे एकदा अनुभवलेले मूल पुढच्या वर्षी प्रयोगवहीत ठरलेले उत्तर लिहिताना जरा अडखळेल. ते अडखळले की समजावे, विज्ञान शिकायला सुरुवात झाली.